घराला स्टेन, देवीला पेंट

चातुर्मासात उंबरठ्यावर गोपद्मं काढल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. आंघोळ झाली की उंबरठा धुवायचा, हळदीचा हात फिरवायचा, रांगोळीने गाईची पावलं काढायची, मग दाराला हळदकुंकू. लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हापासून हे चालू आहे.

यंदा दार नवं होतं. अक्षय तृतीयेला बसवलेलं, अस्सल सागवानी, वरून गडद अक्रोडी स्टेन. राजापेठेच्या मागे आमची कॉलनी आहे, तिथे लाकडाची रेघन्‌रेघ दिसणारं दार दुसऱ्या कुणाचं नाही. बाकीच्यांची लोखंडी, नाहीतर फ्लशची. आमच्या दाराच्या बाहेरच्या अंगाला मधोमध एक निळसर काळा डाग होता, वर गोल आणि खाली पसरट. मला पहिल्या दिवशीच तो महादेवाच्या पिंडीसारखा वाटला. यांना दाखवला तर हे हसले आणि म्हणाले, “घे, देव आपल्या पायानं चालत आला घरात.” त्या दिवसापासून रोज सकाळी त्या डागाला मी कुंकू लावू लागले.

यांचं नाव खुशालराव. कॉलनीतल्या देवीच्या देवळाची जी बांधकाम समिती आहे, तिचे हे अध्यक्ष. देवळाचं जुनं पत्र्याचं दार गंजून गेलं होतं, म्हणून लाकडी दार करायचं ठरलं आणि लाकूड माझ्या माहेरच्या जमुनाकाकूंनी दिलं. माझं माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं. काकूंच्या वावरात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, पुंजाजीकाकांनी लावलेले साग होते. काका आता नाहीत. मीच काकूंकडे गेले आणि शब्द टाकला. काकू म्हणाल्या, “ने. पण रुख्मा, एवढंच कर. त्याले रंग नको चोपडू. माह्या माणसानं लावलेलं लाकूड मले दिसलं पायजे, हाताले लागलं पायजे.”

मी हो म्हटलं. देवीचं नाव घेऊन म्हटलं.

लाकूड हिवाळ्यातच अकोल्याला गेलं. तिथल्या एका लाकूड कापायच्या आरामशीनवर यांची ओळख होती, शेजारीच सुतारकामाचा कारखाना. आमच्या घरचं दारही तिथूनच आलं होतं. आरामशीनवाल्याकडे जुनं सागवान पडून होतं म्हणे, त्याचं करून दिलं. देवळाचं दार मात्र श्रावण लागल्यावर आलं. तेही अंगभर गुलाबी प्रायमर लावूनच.

आमच्याकडे श्रावणातली हवा अशी चिकट की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं आणि कपाटातल्या चपलांवर बुरशीची लव येते. त्यातच एका दुपारी समितीची माणसं आमच्या बैठकीत जमली. ओल्या मोज्यांचा वास, दारात ठिबकणाऱ्या छत्र्या आणि बशीत कचोऱ्या.

“देवळाच्या दाराले ऑइलपेंट,” हे म्हणाले. “चॉकलेटी. विषय संपला.”

श्यामभाऊ समितीचे सेक्रेटरी. त्यांनी मुद्दाम मान वळवून आमच्या दाराकडे पाहिलं. “वा भाऊ! घराले स्टेन अन् देवीले पेंट? देवी काय भाड्यानं राहून राहिली काय?”

सगळे हसले. हेही हसले, पण उशिरा.

“अरे, आमच्या दारावर पोर्च हाये. देवळाचं तोंड पश्चिमेले, पावसाची झड सरळ दारावर. स्टेन म्हंजे काय, लाकडाले चहा पाजल्यासारखं. पेंट म्हंजे कातडं. पाणी आत जातच नाई.”

“कातडं फाटलं का मंग पाणी आत जाते, अन् बाहेर येतच नाई,” दाराशी उभा असलेला दाऊदभाई बोलला. कॉलनीतलं सगळं रंगाचं आणि पॉलिशचं काम तोच करतो. “स्टेनले दर दोन सालानं हात द्या लागते, झंझट हाये. पण लाकूड दिसते, श्वास घेते. पेंट जास्त टिकते, पण खाली काय सडून राह्यलं थे अल्लालेच माहीत.”

यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“पण भाऊ म्हणतात थेबी खरं हाये,” दाऊदभाईने लगेच कूस बदलली. “झडीपुढं पेंटच बरा. आपलं काय, आपल्यापाशी दोन्हीचे ब्रश हायेत.”

मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, “जमुनाकाकूंना मी शब्द दिला आहे. लाकूड दिसेल म्हणून.”

माझा आवाज मुळात लहान. एकदा बोलले की बहुधा कुणाला ऐकू जात नाही आणि दुसऱ्यांदा मी बोलत नाही. त्या दिवशी मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

“अवं, जमुनाकाकूले दमट हवेचं काय समजते?” हे म्हणाले आणि कचोरीच्या तेलाची बोटं त्यांनी खुर्चीच्या बुडाला पुसली. ही त्यांची जुनीच सवय. त्या खुर्चीखाली बोट लावलं तर काळा चिकट थर निघेल. इतकी वर्षं पाहत आले, त्या दुपारी पहिल्यांदा मी कचोऱ्यांची बशी उचलून आत नेली.

पेंट ठरला. शुक्रवारी जमुनाकाकू दार बघायला येणार होत्या.

गुरुवारी सकाळीच हे गुरुकुंज मोझरीला कसल्याशा कार्यक्रमाला गेले. मी नैवेद्य घेऊन देवळात गेले तेव्हा ओसरीवर भिंतीला टेकवलेलं ते दार दाऊदभाई पॉलिशपेपरने घासत होता. तो गुलाबी रंग मला बघवेना, उघड्या हिरड्यांसारखा दिसत होता. मनात एक गोष्ट खुपत होती. स्टेन द्यायचा की पेंट, हे आत्ता ठरलं. मग अकोल्याहून निघतानाच याला प्रायमर कुणी मारायला सांगितलं? प्रायमर मारला की स्टेनचा प्रश्नच संपतो.

“दाऊदभाई, खालच्या कोपऱ्यातला प्रायमर थोडा खरवडा. तिथे स्टेन लावून पाहू. काकूंना दाखवण्यापुरता.”

“भाभी, भाऊ माहा जीव घेतीन.”

“भाऊ मोझरीला गेलेत.”

“मोझरीले गेले, पण मोबाइल घेऊन गेले ना!”

मी नैवेद्याचं ताट खाली ठेवलं आणि तिथेच उभी राहिले. भांडणं मला येत नाही, उभं राहणं येतं. दाऊदभाईने इकडेतिकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि खरवडायची पत्री चालवली.

प्रायमरखाली भोकं बुजवायची लांबी होती, जाड थापलेली. जखमेची खपली निघावी तशी ती सुटली. खाली फिकट, भुसभुशीत लाकूड. भिजलेल्या गोणपाटासारखा वास आला. त्याने चिंधी स्टेनमध्ये बुडवून तेवढ्या जागेवर फिरवली. आमच्या दारावर हाच स्टेन एका हातात सारखा बसला होता. इथे एका ठिकाणी काळा पडला, एका ठिकाणी पिवळाच राहिला, लूत लागलेल्या कुत्र्याच्या पाठीसारखा. लांबी निघालेल्या एका भोकातून पिठासारखी भुकटी गळली आणि पाठोपाठ एक पांढरी, लठ्ठ अळी अंग वळवत अर्धी बाहेर आली. दाऊदभाईने पत्रीने ती उडवली आणि पायाच्या अंगठ्याने चिरडली.

मी तोंडाला पदर लावला.

“हे सागवान आहे?”

“आता... लाकूड हाये, भाभी.”

“दाऊदभाई.”

“आंबा असन. नाईतर काही आडजात,” तो चिंधी पिळत म्हणाला. “पेंट मारल्यावर कोणाले समजते?”

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“पॉलिशवाला माणूस मी. लाकूड कुठून आलं हे इचारत बसलो तं उद्या मले काम कोण देईन?” आणि त्याने भराभर त्या जागेवर पुन्हा लांबी दाबली, वरून प्रायमरचा हात मारला. भोक बुजलं. आत आणखी किती अळ्या होत्या कोण जाणे. तोंडातून मात्र गुणगुणणं चालूच होतं त्याचं. त्या गुणगुणण्याचीसुद्धा मला शिसारी आली.

देवळाच्या पायरीवर बसून मी जमुनाकाकूंना फोन लावला.

“काकू, तुमचं झाड कसं होतं हो?”

“कसं म्हंजे? झाडासारखं. काहून इचारून राहिली?”

“सहज. काही खूणबिण होती का त्याला?”

“खूण! अवं, तुह्या काकानं कुंपणाची तार त्याच झाडाले गुंडाळली होती. मी म्हणत होती, खांब गाडा ना जी, त्याले काहून फासी देता. ऐकतीन तं ना! मंग झाडानं तारच पोटात घेऊन टाकली.” काकू हसल्या. “तुह्या नवऱ्याले सांगतलं होतं म्या, आरामशीनवाल्याले म्हणा सांभाळून काप, आऱ्याची पात तुटन. तार निघते, पण लोखंडाचा डाग जात नाई लाकडातला. काळानिळा डाग राह्यते. वर गोल असन अन् खाली पसरट, दोन येढे होते ना तारेचे. उद्या दाखवते तुले, देवळाच्या दारावर कुठं आला थो.”

मी फोन ठेवला. घरी आले. पोर्चमध्ये उभी राहिले.

सकाळचं कुंकू दमट हवेने ओघळून डागाच्या खाली आलं होतं. मी पिंड शोधायचा प्रयत्न केला. ती दिसेना. दिसत होता तारेने आवळलेला झाडाचा गळा आणि त्यात मुरलेला गंज. रोज सकाळी आंघोळ करून, कोरड्या तोंडाने, मी चोरीच्या खुणेची पूजा करत आले होते. उजव्या हाताच्या अनामिकेला लाल रंग होता. साबणाने धुतला, राखेने घासला. बोट सोलवटलं तरी मला ते चिकटच लागत होतं.

दिवेलागणीला हे आले. भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा वाढला आणि समोर बसून सरळ विचारलं.

हे चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“अवं, त्यात काय झालं?” घास तोंडात ठेवूनच म्हणाले. “देवळाचं तोंड पश्चिमेले. त्या झडीत सडून गेलं असतं थे सागवान. आपल्या पोर्चमंधी तुह्या नातवायलेही पुरन. लाकडाचं भलंच केलं म्या.”

“ते देवीचं होतं.”

“देवी काय दाराले नख लावून पाहते काय, सागवान हाये का आंबा?”

“काकू पाहतील.”

“म्हून तं पेंट. उद्या पहाटेच दाऊद पक्का हात मारते. ओला वास सुटला का म्हातारी जवळ जात नाई. रंग बसला का सारी लाकडं सारखी.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मिशीला झुणक्याचा कण चिकटला होता, बोलताना तो हलत होता. मग आवाज मऊ करून म्हणाले, “अन् मले सांग, देवळात त्या डागाले कोण कुंकू लावत होतं? कोणी नाई. तू रोज उपाशीपोटी त्याची पूजा करते. तुह्या हातानं शुद्ध झालं थे लाकूड, रुख्मिणी. रोज होऊन राह्यलं. माह्या मनात आता काही नाई, साफ हाये.”

हे त्यांनी मनापासून म्हटलं. तेच सहन होईना. चोरी केलेल्या माणसाला भीती असते, निदान लाज असते. यांच्याजवळ माझं व्रत होतं. उपास मी करत होते आणि ढेकर हे देत होते.

“ठेचा वाढ,” हे म्हणाले. मी वाढला. वाढून झाल्यावर हात धुतले. ताट उचलल्यावर पुन्हा धुतले. माझ्या ताटातलं अन्न मी गाईला नेऊन घातलं.

शुक्रवारी सकाळी आंघोळ झाली, पण रांगोळीचा डबा मी उघडला नाही. रात्रभर पाऊस होता. दार फुगलं होतं, यांना खांदा लावून ओढावं लागलं. एकदा उघडल्यावर यांनी ते पार आत भिंतीपर्यंत नेलं आणि मागे सरकू नये म्हणून त्याला खुर्ची टेकवली. डागाची बाजू आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली, पोर्चमधून दिसेना.

“आज उघडंच राहू दे. हवा येऊ दे जराशी.”

बाहेर भिंतीला ओल फुटावी अशी हवा होती.

जमुनाकाकू यष्टी स्टँडवरून ऑटोने आल्या. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, हातात देवीच्या ओटीचं सामान. पोर्चमध्ये चढतानाच म्हणाल्या, “रुख्मा! केवढी वाळली वं!”

“चातुर्मास आहे, काकू.”

“तुहे उपास अन् माहे गुडघे, दोन्ही सरता सरत नाईत.”

“या, या, काकू!” आतून यांचा आवाज मधासारखा आला. “बसा आधी. चहा घ्या. देवळात मंग जाऊ निवांत. रंगाचा हात चालू हाये, वास येते भयंकर.”

“रंगाचा?” काकूंचा एक पाय चपलेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू तं म्हणे रंग नाई लावत.”

“दमट हवा, काकू,” हे म्हणाले. “स्टेन टिकत नाई देवळाले. या ना, बसा.” आणि दाराला टेकवलेली ती खुर्ची त्यांनीच काकूंसाठी पुढे ओढली.

मी काकूंच्या बाजूने बाहेर आले. येताना कडी हातात धरली आणि दार माझ्यामागे ओढून घेतलं. ते फरशीला घासत आलं, अर्ध्यात अडलं, मी दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा धाडकन चौकटीत बसलं. हे आत राहिले. मी आणि काकू बाहेर.

“काकू, हात लावून पाहा.”

“अवं, हा काय चावटपणा हाये?” आतून आवाज. “उघड!” दार हिसकलं, पण फुगलेलं लाकूड चौकटीत गच्च रुतलं होतं. हलेना.

काकूंनी चष्मा वर केला. लाकडावरून हात फिरवत नेला. डागाशी आल्यावर हात थांबला. बोट वरच्या गोलावरून फिरलं, मग खालच्या पसरट भागावरून. आतून यांच्या बुक्क्यांनी दार थरथरत होतं आणि त्या थरथरीवर काकूंचा तळहात तसाच होता.

“हे तं माह्या धुऱ्यावरचं हाये.”

“हो.”

“मंग देवळात कोणतं हाये?”

“आंब्याचं. कीड लागलेलं. त्याच्यावर रंग देत आहेत.”

काकूंनी हात दारावरून काढला. मग त्यांनी बोटाकडे पाहिलं. ते लाल झालं होतं.

“अन् याले कुंकू कोण लावते?”

“मी. मला पिंड वाटली.”

जेवताना घासात केस निघाला की माणूस ताटाकडे जसं पाहतं, तसं काकूंनी माझ्याकडे पाहिलं. लुगड्याचा पदर घेऊन तो डाग पुसू लागल्या. जोरजोरात पुसत होत्या. कुंकू लाकडाच्या रेघांत शिरलं होतं, सगळं निघालं नाही.

“तुले कधी समजलं?”

“काल.”

“काल,” त्या म्हणाल्या. पायरीवर जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून.

एवढ्यात श्यामभाऊ आणि दाऊदभाई देवळाकडून आले. अध्यक्ष अजून का आले नाहीत ते पाहायला. दाऊदभाईच्या हाताला कोपरापर्यंत चॉकलेटी रंग. हे खिडकीचे गज धरून उभे होते, बनियनवर, घामाने निथळत.

“श्याम, बाहेरून धक्का दे बापा!”

श्यामभाऊंनी खांदा लावला. दार ढिम्म.

“मागच्या दारानं या ना, भाऊ.”

“मागं गटार तुंबलं हाये! गुडघ्याएवढी घाण. त्यातून येऊ काय?”

“मंग बिजागऱ्यांच्या खिळा ठोका,” दाऊदभाई म्हणाला. “आतूनच निघतात. खिळा निघाल्या का दार सैल होते.” त्याने गजांमधून हातोडी आत दिली.

आत ठाकठोक सुरू झाली. श्यामभाऊ दाराला हात लावून उभे होते, त्यांनी हळूच मला विचारलं, “वहिनी, झालं काय?”

मी सांगितलं. माझ्या नेहमीच्याच आवाजात सांगितलं. झाडाचं, तारेचं, देवळातल्या दाराखालच्या अळीचं. ‘जरा मोठ्यानं बोला’ असं कुणी म्हटलं नाही. श्यामभाऊंचा हात दारावरून आपोआप खाली आला. दाऊदभाई नखातला रंग काढत बसला.

खिळा निघाल्या. दार सैल होऊन कललं आणि दोघांनी ते तिरकं करून बाहेर ओढलं. रिकाम्या चौकटीत हे उभे राहिले, हातात हातोडी आणि तोंडावर सुटल्याचं हसू.

“झालं! दाऊद, आता कडेले जरा रंधा मार अन्...”

“आत नको नेऊ,” काकू श्यामभाऊंना म्हणाल्या. “देवळात ने.”

“अहो काकू, माप येत नाई तिथं.”

“येत नसन तं पट्टी जोडतीन. जोडाजोडी तुमाले चांगली येते.”

“अन् पाऊस? त्या झडीत नुसता स्टेन? दोन वर्सात उतरून जाईन!”

“उतरू द्या. दोन वर्सानं मी येईन ब्रश घेऊन. मी मेली तं माहं पोरगं येईन.” काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “पण त्याले रंग लागला ना खुशालराव, तं पाहा.”

भुरभुर पाऊस होता. श्यामभाऊंनी पुढून आणि दाऊदभाईने मागून दार उचललं. काकू बाजूने चालल्या. बाजारातून जनावर घरी नेताना त्याच्या पाठीवर हात ठेवावा, तसा त्यांचा हात लाकडावर होता. कॉलनीतली माणसं गेटांशी येऊन उभी राहिली. मी हळदकुंकवाचं तबक घेऊन मागून गेले.

देवळाच्या ओसरीवर ते दुसरं दार अर्धं चॉकलेटी होऊन उभं होतं. ओल्या रंगात माश्या चिकटल्या होत्या, काही अजून पंख हलवत होत्या. रंगाच्या आणि राळेच्या त्या वासाने देवीसमोरचा धूपही कळेना. श्यामभाऊंनी ते ओढून पार कोपऱ्यात नेलं. त्या जागी काकूंचं दार टेकवलं. दाऊदभाई कोरड्या फडक्याने पाणी टिपू लागला, कुणाकडेही न पाहता म्हणाला, “पूर्ण सुकू द्या आधी. मंग घासून पुन्हा हात देतो. खालच्या कडेले डबल द्या लागन, पाणी तिथूनच चढते.”

काकूंनी देवीची ओटी भरली आणि दाराशी आल्या. मी तबक पुढे केलं.

“तुह्या घरचं कुंकू नको, रुख्मा.”

त्या रागाने बोलल्या नाहीत. साधं सांगितलं. मग पुन्हा आत गेल्या, देवीच्या पायांवरचं कुंकू बोटावर घेऊन आल्या आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात लावलं. डागाला लावलं नाही. मी तबक खाली केलं आणि घरी आले.

चौकटीवर हे प्लॅस्टिकचा ताडपत्रीसारखा कागद बांधून खुर्ची टाकून बसले होते. कागद फडफडायचा तेव्हा रस्त्यावरून अख्खं घर दिसायचं. एक कुत्रं आत जाऊन आलेलं असावं, फरशीवर चिखलाची पावलं होती, उंबरठ्यावरूनच गेलेली.

“थे आंब्याचंच लावू आपल्याले,” हे म्हणाले. पंचाईत त्यांनी मनातल्या मनात मिटवूनही टाकली होती. “दाऊदले बोलतो. उरलेला पक्का हात मारून दिला का झालं, आपल्याले कुठं झड लागते. लोकं दोन दिवस बोलतीन, मंग चूप. तू काहून अशी उभी हाये? पाणी नाई प्यायली ना सकाळपासून? उंबरठा धू, रांगोळी काढ, अन् पी.”

मी आत गेले. माठातून तांब्या भरला, बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उभी राहून प्यायले.

ते माझ्या गळ्याकडे पाहत होते. खुर्ची करकरली.

“अवं... गोपद्मं राह्यले ना?”

“राहिली.”

“म्हंजे व्रत मोडलं?”

“मोडलं.”

ते उठून उभे राहिले. काल चोरी कबूल करताना त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. मघाशी साऱ्या कॉलनीसमोर चौकटीत उभे होते तेव्हाही नव्हती. ती आता आली. “मधातच मोडलं तं दोष मोडणाऱ्याले नाई लागत, घराले लागते. माही माय म्हणायची. असं नको करू, रुख्मिणी. मी सागवानाचं आणतो. अकोल्याले आजच फोन लावतो. तू फक्त आजच्या दिवसाचं काढून घे.”

आत जाऊन त्यांनी स्वतः रांगोळीचा डबा आणला आणि उंबरठ्यावर, त्या कुत्र्याच्या पावलांच्या मधे, माझ्यासमोर ठेवला. झाकणावर त्यांच्या घामाची बोटं उमटली होती.

“काढ ना वं,” ते म्हणाले.

तांब्यात अजून पाणी होतं. तेही मी प्यायले.